हिमोग्लोबिन ‘नॉर्मल’ आहे, मग शिसं कुठे दिसतं?

गेल्या डिसेंबरात मामाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ पाठवली. खाली एकच ओळ होती: ‘बघ, सगळं ठीक आहे.’ श्रीवर्धनला एक आरोग्य शिबिर झालं होतं. तिथे रक्त काढलं आणि चार दिवसांनी रिपोर्ट मोबाइलवर आला. मामाचं वय ५४. हिमोग्लोबिन १३.६, पांढऱ्या पेशी ठीक, साखर जेमतेम काठावर, आणि कुठेही ठळक लाल अक्षर नाही.

मामाचं बॅटरीचं दुकान आहे. बावीस वर्षं तो इन्व्हर्टरच्या, रिक्षाच्या आणि मच्छीमार बोटींच्या बॅटऱ्या दुरुस्त करतोय. गेलं वर्षभर तो थकल्यासारखा वाटतो, पोट साफ होत नाही, रक्तदाबाची गोळी सुरू झाली आहे. घरात सगळ्यांनी ‘वय झालं’ म्हणून विषय संपवला होता. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो, डॉक्टर नाही. पण सर्व्हर सुरळीत चालताहेत की नाही यावर नजर ठेवणाऱ्या प्रणाली बनवणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे एक सवय लागली आहे. ‘सगळं ठीक आहे’ असं कुठलाही डॅशबोर्ड म्हणाला की मी आधी विचारतो, हा नेमकं काय मोजतोय?

मामाच्या रिपोर्टमध्ये अठ्ठावीस आकडे होते. त्यात शिसं नव्हतं. शिबिर घेणाऱ्यांना मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “शिसं असतं तर हिमोग्लोबिन खाली आलं असतं ना!” हे वाक्य ऐकायला बरोबर वाटतं. ते चूक का आहे, हेच या लेखात समजून घेऊ.

श्रीवर्धनमध्ये शिसं आलं कुठून?

श्रीवर्धन म्हटलं की लोकांना रोठा सुपारी, समुद्र आणि पेशवे बाळाजी विश्वनाथांचं जन्मगाव आठवतं. इथे शिशाचा कारखाना नाही. शिसं आहे ते बॅटरीत.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या याच पट्ट्यावर आदळलं. सुपारीच्या बागा झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले आणि कितीतरी वाड्या आठवड्यांमागून आठवडे अंधारात राहिल्या. त्यानंतर ज्याला परवडलं त्याने इन्व्हर्टर घेतला. मुंबईच्या चाकरमान्यांनी गावच्या घरासाठी घेतला, पर्यटकांसाठी खोल्या देणाऱ्यांनी तर दोन-दोन घेतले. घरगुती इन्व्हर्टरची बॅटरी बहुधा लेड-अ‍ॅसिड प्रकारची असते आणि तिच्या वजनाचा अर्ध्याहून जास्त भाग शिशाचा असतो. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी ८० टक्क्यांहून जास्त शिसं बॅटऱ्यांतच जातं.

बॅटरी बंद खोक्यात आहे तोवर घरातल्यांना धोका नाही. धोका ती उघडणाऱ्याला. प्लेटा बाहेर काढणं, घासणं, शिशाची पट्टी वितळवून टोकं जोडणं, तळाशी साचलेला गाळ ओतून देणं, हे मामा रोज करतो. तो गाळ वाळला की पिठासारखा बारीक होतो. मग तो हाताला लागतो, शर्टाला लागतो, चहाच्या कपाला लागतो.

दुसरा रस्ता समुद्राकडून येतो. जाळ्याच्या खालच्या दोरीला वजन म्हणून शिशाचे मणी लावतात. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे त्याला भट्टी लागत नाही, चूल पुरते. लहानपणी ओळखीच्या एका घरी मागीलदारी जुन्या शिशाचा रस साच्यात ओतताना मी पाहिलाय. आम्ही पोरं बाजूला उकिडवी बसून ती चांदीसारखी चकाकी बघायचो. तेव्हा ती गंमत वाटायची.

रक्तात शिसं काय करतं?

लाल पेशीत हिमोग्लोबिन असतं आणि त्याच्या मधोमध ‘हीम’ नावाचा रेणू असतो. या हीमच्या पोटात लोहाचा एक अणू बसवलेला असतो. तोच प्राणवायू धरून ठेवतो. आपलं शरीर हीम एका झटक्यात बनवत नाही. कारखान्यातल्या असेम्ब्ली लाइनसारखे आठ टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर एक एन्झाइम, म्हणजे एक कामगार, आपलं ठरलेलं काम करतो.

शिसं यातल्या दोन कामगारांना मुख्यतः त्रास देतं.

पहिला दुसऱ्या टप्प्यावरचा. त्याचं नाव एएलएडी. याला काम करायला जस्ताचा अणू लागतो. शिसं येतं, जस्ताला खुर्चीवरून उठवतं आणि स्वतः बसतं. खुर्ची भरलेली दिसते, काम मात्र थांबतं. मग या टप्प्याला येणारा कच्चा माल, ज्याला एएलए म्हणतात, तो साचतो आणि लघवीवाटे बाहेर पडायला लागतो.

दुसरा अगदी शेवटच्या टप्प्यावरचा, फेरोचिलेटेज. तयार सांगाड्यात लोहाचा अणू बसवणं हे याचं काम. शिशामुळे ते अडलं की त्या रिकाम्या जागी लोहाऐवजी जस्त जाऊन बसतं. तयार होतो झिंक प्रोटोपोर्फिरिन, थोडक्यात झेडपीपी. हा लोहाविना तयार झालेला, सदोष माल. प्राणवायू वाहण्याच्या कामाचा नाही, पण आपल्या दृष्टीने फार उपयोगी, कारण निळ्या प्रकाशात धरला की तो लालसर चमकतो आणि रक्ताच्या एका थेंबात मोजता येतो.

याशिवाय शिसं लाल पेशीतला आरएनएचा कचरा साफ करणाऱ्या आणखी एका एन्झाइमला रोखतं. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली काही पेशींवर निळे ठिपके दिसतात. डॉक्टरीच्या पुस्तकात शिशाच्या विषबाधेची खूण म्हणून हे ठिपके हमखास असतात. प्रत्यक्षात ते प्रत्येक रुग्णात दिसत नाहीत आणि इतर आजारांतही दिसतात. ठिपके नाहीत म्हणजे शिसं नाही, असं म्हणता येत नाही.

चार खुणा, चार वेगवेगळ्या वेळा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही असेम्ब्ली लाइन बिघडल्यावर कोणती खूण कधी दिसते?

सगळ्यात आधी ढासळतो एएलएडी. रक्तातलं शिसं १० मायक्रोग्रॅमच्याही खाली असताना त्याचा वेग कमी व्हायला लागतो. (हे आकडे दर डेसिलिटर, म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तामागे असतात. पुढे मी फक्त आकडा लिहीन.) ही चाचणी फार संवेदनशील, पण रक्त काढल्यावर नीट थंड ठेवून लगेच करावी लागते. म्हणून ती संशोधनातच जास्त दिसते.

मग झेडपीपी. प्रौढ माणसात शिसं २५-३० च्या पुढे गेलं की तो चढायला लागतो. यात एक मजेदार गोष्ट आहे. जुन्या लाल पेशीत आता काही बदलत नाही, नव्या बनणाऱ्या पेशीतच सदोष माल जातो. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे झेडपीपी आजचं नाही, तर गेल्या तीन-चार महिन्यांचं सरासरी चित्र दाखवतो. मधुमेहात एचबीएवनसी जसं तीन महिन्यांचा हिशेब देतं, तसंच.

पण झेडपीपीची आपल्याकडे एक मोठी अडचण आहे. लोह कमी पडलं तरी तो वाढतो, कारण रिकामी जागा जस्तानेच भरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयी आढळले. अशा देशात एकट्या झेडपीपीवरून शिशाचा निष्कर्ष काढणं म्हणजे धूर दिसला की स्वयंपाक चाललाय की घर पेटलंय हे न बघता बंब बोलावणं.

सगळ्यात शेवटी येतं हिमोग्लोबिन. प्रौढांमध्ये शिसं साधारण ५० च्या आसपास पोचलं की ते उतरायला लागतं. लाइनवरचे कामगार मंदावले तरी शरीर बराच काळ जादा पाळ्या करून उत्पादन टिकवून धरतं. म्हणून शिबिरात केलेल्या सीबीसीमध्ये ४० शिसं असलेला माणूस ‘नॉर्मल’ म्हणून बाहेर पडू शकतो. आमच्या भाषेत सांगायचं तर हिमोग्लोबिन हा सर्व्हर बंद पडल्यावर वाजणारा अलार्म आहे. डिस्क भरत चालली होती हे तो सांगत नाही.

या तीनही परिणामाच्या खुणा झाल्या. चौथी खूण थेट कारणाची: रक्तातलं शिसंच मोजायचं. याला ब्लड लेड लेव्हल म्हणतात. जगभर कामगारांच्या तपासणीत हाच मुख्य आकडा धरतात.

यालाही मर्यादा आहे. रक्तातल्या शिशाचं अर्धायुष्य साधारण महिनाभराचं असतं, म्हणून हा आकडा मुख्यतः गेल्या काही आठवड्यांचं सांगतो. बाकीचं शिसं जातं कुठे? हाडात. शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं. प्रौढ माणसाच्या अंगातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडात असतं आणि तिथे ते वर्षानुवर्षं, दशकंही राहतं. काम सोडल्यावरही हाडातून ते हळूहळू रक्तात झिरपत राहतं. गरोदरपणात आणि म्हातारपणात हाडं झिजतात तेव्हा जास्तच.

थोडक्यात, ब्लड लेड म्हणजे अलीकडचा लॉग, झेडपीपी म्हणजे तिमाही अहवाल आणि हाड म्हणजे जुनं दप्तर. हिमोग्लोबिनमध्ये यातलं काहीच वेळेवर उमटत नाही.

कराडहून आलेला पुरावा

हे सगळं अमेरिकेच्या पुस्तकातलं नाही. याची मोजणी आपल्याकडेच झाली आहे. कराडच्या कृष्णा इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधल्या अरुण पाटील आणि सहकाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्रातले बॅटरी कामगार, चांदीचे दागिने घडवणारे कारागीर आणि स्प्रे पेंटर यांच्या रक्ताचा वर्षानुवर्षं अभ्यास केला.

त्यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात २८ बॅटरी कामगार होते आणि तुलनेला शिशाशी कामाचा संबंध नसलेले ३५ लोक होते. कामगारांच्या रक्तात शिसं सरासरी सुमारे ५३ निघालं, दुसऱ्या गटात सुमारे १२. कामगारांमध्ये एएलएडी दबलेला, झेडपीपी चढलेला आणि पेशींना गंजण्यापासून वाचवणारी एन्झाइम्सही बिघडलेली होती. अठ्ठावीस माणसं म्हणजे मोठी संख्या नव्हे. पण वर सांगितलेली साखळी आपल्याच भागातल्या माणसांच्या रक्तात दिसली, हे महत्त्वाचं.

मला त्यातला दुसरा आकडाही बोचतो. कामाशी संबंध नसलेल्या लोकांत १२ का? भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. म्हणजे ज्याला आपण ‘नॉर्मल’ माणूस म्हणून तुलनेला धरतो, तोही कोरा नव्हता.

मोजणारं यंत्रही चुकतं

मामाला मी म्हटलं, “मामा, एकदा शिशाची टेस्ट करून घे.”

“अरे, इथे कोण करतंय ती? आणि परत रक्त कशाला? आत्ताच तर दिलं.”

त्याचं बरोबर होतं. गावात ती होत नव्हती, नमुना मुंबईला जाणार होता. पण आधीचं उरलेलं रक्त चाललं नसतं. ही चाचणी कशी करतात हे माहीत असणं का गरजेचं, ते बघा.

एक, रक्तातलं जवळजवळ सगळं शिसं लाल पेशींत असतं. त्यामुळे पेशी वेगळ्या काढलेल्या पाण्यात, म्हणजे सीरममध्ये, मोजून उपयोग नाही. पूर्ण रक्त लागतं. दोन, नळी धातूंच्या अंशापासून मुक्त असावी लागते, नाहीतर नळीचंच शिसं रिपोर्टात येतं. तीन, बोट टोचून घेतलेला थेंब बॅटरीवाल्याच्या बाबतीत फसवा, कारण बोटावरची धूळच त्यात मिसळते. शिरेतून घेतलेलं रक्त बरं. प्रयोगशाळेत पुढे ते ग्रॅफाइट भट्टीच्या शोषण यंत्रावर किंवा आयसीपी-एमएस नावाच्या यंत्रावर तपासतात.

आकडे किती छोटे असतात ते एकदा करून बघा. रक्तातलं शिसं ४० असेल आणि अंगात पाच लिटर रक्त धरलं, तर सगळ्या रक्तात मिळून शिसं होतं दोन मिलिग्रॅम. चिमूटभर मिठाच्या शंभराव्या भागाएवढं. इतक्या बारीक मोजणीत चूक व्हायला फार काही लागत नाही.

आणि चूक लपवलीही जाते. अमेरिकेत लेडकेअर नावाची छोटी यंत्रं दवाखान्यांत मुलांच्या आणि कामगारांच्या तपासणीसाठी सर्रास वापरली जायची. शिरेतून घेतलेल्या रक्तावर ती प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवू शकतात, असा इशारा तिथल्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. यंत्र बनवणाऱ्या मॅजेलन डायग्नॉस्टिक्सला हा दोष आधीपासून माहीत होता. २०२४ मध्ये कंपनीने गुन्हा मान्य करून ४ कोटी २० लाख डॉलर भरायचं कबूल केलं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटते. बग सापडणं ठीक, तो माहीत असून गिऱ्हाइकाला न सांगणं हा गुन्हा. इथे गिऱ्हाईक म्हणजे कुणाचं तरी दोन वर्षांचं पोर होतं.

किती म्हणजे जास्त?

मामाचा आकडा आला ४१. हिमोग्लोबिन १३.६ आणि शिसं ४१, एकाच माणसाचं, महिन्याभराच्या अंतराने.

४१ म्हणजे किती वाईट? उत्तर तुम्ही कोणाला आणि कधी विचारता यावर अवलंबून आहे. अमेरिकेच्या १९७८ च्या कामगार मानकानुसार एका चाचणीत ६० आल्यास माणसाला शिशाच्या कामावरून हलवतात आणि ४० च्या खाली उतरल्यावर परत घेतात. म्हणजे त्या हिशेबाने मामा काम करत राहू शकला असता. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२५ पासून हलवण्याची ही रेषा ३० वर आणली. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात कामगारांसाठीची मर्यादा ७० वरून १५ वर आणायचं ठरवलं, मधल्या काळासाठी ३०. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक सूचना तर सांगते की ५ किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा.

साठवरून तीस, तीसवरून पंधरा. शिसं तेच आहे, बदललं ते आपलं ज्ञान. पूर्वी लोक रक्तक्षय आणि पोटातली कळ यालाच विषबाधा मानायचे. आता माहीत आहे की त्याच्या कितीतरी आधी रक्तदाब, मूत्रपिंड आणि हृदय बिघडायला लागतं. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये आलेल्या, जागतिक बँकेच्या तज्ज्ञांच्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात शिशाशी जोडलेल्या हृदयविकाराने जगात सुमारे ५५ लाख प्रौढ दगावले. मामाची रक्तदाबाची गोळी शिशामुळेच सुरू झाली असं मी म्हणत नाही, तसं एका माणसापुरतं सिद्ध करता येत नाही. पण ‘वय झालं’ एवढ्यावर आता मी थांबू शकत नाही.

नवा कायदा, जुनी फट

आता चालू विषयाकडे. २१ नोव्हेंबर २०२५ ला देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेबद्दल सरकारने ठळकपणे सांगितलं ते हे की ४० वर्षांवरच्या कामगारांना मालकाने दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी करून द्यायची. ही चांगली गोष्ट आहे. पण शिशाच्या अंगाने पाहिलं तर तीन फटी दिसतात.

पहिली, तपासणीत काय मोजायचं? सीबीसी आणि साखर करूनही ‘तपासणी झाली’ असं लिहिता येतं. मामाच्या शिबिरात तेच झालं. तपासणी कामाप्रमाणे ठरायला हवी. बॅटरीवाल्याला ब्लड लेड, दगडखाणीत काम करणाऱ्याला फुफ्फुसांची. नाहीतर कागद पूर्ण आणि माणूस तसाच.

दुसरी, चाळिशीची अट. मामाकडे एक मदतनीस आहे, वय २२. गाळ तोच ओततो. तो चाळिशीला पोचेल तेव्हा त्याच्या हाडात अठरा वर्षांचा साठा झालेला असेल. शिशाच्या कामात तपासणी पहिल्या दिवशी हवी, म्हणजे नंतरचा आकडा कशाशी ताडायचा ते कळेल. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत अशा वेगळ्या तपासण्यांची तरतूद जुन्या कारखाना कायद्यातही होती. पण त्यासाठी आधी ‘कारखाना’ असावा लागतो.

तिसरी फट तीच. संहितेत यंत्रशक्तीवर चालणारा कारखाना म्हणजे किमान २० कामगार, यंत्रशक्ती नसेल तर ४०. साध्या आस्थापनेलाही किमान १०. मामाच्या दुकानात दोन माणसं. त्यातला मामा तर स्वतःच मालक, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कामगारही नाही. मोठ्या बॅटरी कंपनीत हवा शोषणारे पंखे, मास्क, अंघोळीची सोय असते आणि रक्त तपासायला माणूस येतो. तीच बॅटरी पाच वर्षांनी श्रीवर्धनच्या दुकानात येते तेव्हा यातलं काहीच तिच्यासोबत येत नाही. शिसं मात्र सगळं येतं.

यावर उपाय संहितेतच आहे. काम धोकादायक असेल तर अधिसूचना काढून एका कामगाराच्या आस्थापनेलाही ती लागू करता येते. बॅटरी दुरुस्ती आणि शिसं वितळवण्याच्या कामांसाठी अशी अधिसूचना निघायला हवी, ही या लेखाची पहिली मागणी.

दुसरी मागणी डॉक्टरांकडे. कायद्याने कळवणं बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत शिशाची विषबाधा पहिल्या क्रमांकावर आहे, जुन्या कारखाना कायद्यातही आणि नव्या संहितेतही. डॉक्टरला संशय आला तरी त्याने मुख्य निरीक्षकाला कळवायचं असतं. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय बघतं. पण संशय यायला आधी एक प्रश्न विचारावा लागतो: ‘तुम्ही काम काय करता?’ मामाला गेल्या वर्षभरात हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. मीसुद्धा नाही, कारण मला ते माहीतच होतं.

तिसरी, जुन्या बॅटरीचा प्रवास. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रात पोचवणं ही उत्पादकाची जबाबदारी आहे. ती कागदावर पार पडते की जीवना बंदराच्या कोपऱ्यावरच्या भंगारवाल्यापर्यंत खरंच पोचते, हे पाहिलं पाहिजे. चार पैसे जास्त देणारा भंगारवाला जिंकतो, हा साधा बाजार आहे.

याची टोकाची किंमत सेनेगलमध्ये दिसली. डाकारजवळच्या थियारोय-सुर-मेर या समुद्राकाठच्या वस्तीत लोक जुन्या बॅटऱ्यांमधलं शिसं काढून जाळ्यांची वजनं बनवायचे. वाळूत शिसं साचत गेलं. २००७-०८ च्या काही महिन्यांत तिथली १८ मुलं दगावली. समुद्र, जाळी, बॅटऱ्या, वितळवणारी माणसं. वाचताना मला ते मागीलदार आठवलं.

दुकानात काय बदललं

डॉक्टरांनी मामाला औषध दिलं नाही. शिसं बांधून बाहेर काढणारी औषधं असतात, पण ती फार चढलेल्या आकड्यांसाठी आणि देखरेखीखालीच वापरतात. औषध घेत तेच काम चालू ठेवणं घातक. पहिला उपचार म्हणजे शिसं आत जाणं थांबवणं. गुळाबद्दल मामाने विचारलंच, कारण ‘धुळीच्या कामाला गूळ’ हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. गूळ खाऊन शिसं धुतलं जात नाही. मात्र पोटात लोह आणि कॅल्शियम पुरेसं असेल तर शिसं कमी शोषलं जातं, म्हणून जेवण नीट हवं आणि रिकाम्या पोटी काम नको.

दुकानातले बदल स्वस्तातले आहेत. कोरडा झाडू बंद, ओल्या फडक्याने पुसणं सुरू. प्लेटा घासायच्या त्या ओल्या करून. वितळवणं बंद, तयार टोकं विकत. चहा आणि तंबाखू दुकानाबाहेर, हात साबणाने धुऊन. चांगल्या प्रतीचा मास्क, रुमाल नव्हे. गाळ बादलीत बंद, गटारात नाही. आणि कामाचे कपडे दुकानातच, वेगळे धुवायचे.

ही शेवटची गोष्ट मामीला पटवावी लागली. इतकी वर्षं ती सगळ्यांचे कपडे एकत्रच भिजवत होती. मामाची नात चार वर्षांची आहे. आजोबा आले की ती धावत जाऊन त्यांच्या शर्टाला बिलगते. लहान मूल गिळलेल्या शिशातलं मोठ्या माणसाच्या कितीतरी पट शोषून घेतं आणि त्याचा परिणाम थेट वाढत्या मेंदूवर होतो. तिचंही रक्त तपासलं. आकडा आला ७. त्या दिवशी मामा दुकान उघडायला गेला नाही.

तीन महिन्यांनी दोघांची पुन्हा तपासणी केली. मामाचा आकडा ४१ वरून ३३ वर आला. तो जरा हिरमुसला. महिन्याला निम्मं व्हायला हवं ना, असं त्याने माझ्याकडूनच ऐकलं होतं. मग मी त्याला हाडांचं सांगितलं: बावीस वर्षांचा साठा आहे, तो आतून थोडा थोडा येत राहणार, उतरायला वेळ लागेल. नातीच्या हाडात एवढा साठा नाही. तिचा आकडा ४ आला.

मदतनीस पोराने अजून रक्त दिलेलं नाही. सुईला घाबरतो म्हणतो, आणि वर सांगतो, “मला काय झालंय? शिबिरात माझं हिमोग्लोबिन पंधरा आलं.”